विश्लेषण : एका संगणकात अनेक बिऱ्हाडे! व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर यांत भिंत कुणाची पक्की?

अँटॉप हिलमध्ये कुणी ‘कंटेनर’ म्हटले, की डोळ्यांसमोर येतो वडाळा ट्रक टर्मिनसच्या दिशेने रेंगाळणारा ट्रेलर आणि त्यावरचा लोखंडी खोका. तिथून जवळच सीजीएस वसाहत, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या इमारती आहेत. समजा, तिथल्या एका क्वार्टरमध्ये इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आठ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप उघडून बसली आहे आणि जेवायला बोलावणाऱ्या आईला सांगते आहे, ‘थांब गं, कंटेनर सुरू होत नाहीये.’ तिचा कंटेनर लोखंडी नाही. तो लिनक्स या ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सॉफ्टवेअरचा खोका आहे. फोनवरून आपण जे काही मागवतो, भरतो, पाहतो, त्यामागचे बरेचसे काम आज अशा खोक्यांत किंवा त्यांच्या थोरल्या भावंडांत, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते. दोघांचा उद्देश एकच : एका यंत्रात अनेक बिऱ्हाडे नांदवणे. पण दोघांच्या भिंती सारख्या नाहीत आणि तो फरक कळणे केवळ विद्यार्थ्यांच्या कामाचे नाही.

मुळात प्रश्न काय होता?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘घरी चालत होते, सर!’ ते बहुतेक वेळा खरेच असते. घरच्या लॅपटॉपवर पायथनची एक आवृत्ती असते, प्रयोगशाळेत दुसरी. घरी डेटाबेस नवा, इथे जुना. प्रोग्राम तोच, पण त्याच्या भोवतीचे सामान बदलले की तो कोलमडतो. कंपन्यांमध्ये हेच भांडण प्रोग्राम लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांच्यात वर्षानुवर्षे चालत आले.

दुसरा प्रश्न जागेचा. एका कामाचा दुसऱ्याला त्रास नको म्हणून पूर्वी ईमेलसाठी एक सर्व्हर, वेबसाइटसाठी दुसरा, हिशेबासाठी तिसरा अशी वेगळी यंत्रे ठेवली जात. त्यातली अनेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ नुसती वीज खात बसत. महागड्या जागेत एकच भाडेकरू ठेवणे परवडत नाही, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. जास्त बिऱ्हाडे ठेवायची तर अट एकच : एकाच्या घरातले पाणी दुसऱ्याच्या घरात झिरपता कामा नये.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

सॉफ्टवेअरने उभा केलेला आख्खा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असते, निदान त्याला तसे वाटते. त्यावर स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी लागते. एकाच यंत्रावर एका मशीनमध्ये विंडोज, दुसऱ्यात उबुंटू, तिसऱ्यात डेबियन असे सुखाने चालू शकते. या सगळ्यांना खऱ्या हार्डवेअरचा वाटा नेमून देणाऱ्या आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘हायपरवायझर’ म्हणतात.

घराच्या भाषेत बोलायचे तर हा स्वतंत्र क्वार्टर आहे. स्वयंपाकघर आपले, न्हाणीघर आपले, वीजमीटर आपले. शेजाऱ्याने रात्रभर नळ उघडा ठेवला तरी आपल्या बादलीला फरक पडत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. दोनच माणसे राहणार असली तरी स्वयंपाकघर पूर्ण बांधावे लागते.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली. साध्या संगणकांवर हा प्रकार रुळवला तो १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीने. लिनक्सच्या जगात २००३ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ आले आणि मग २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत ‘केव्हीएम’ दाखल झाले. एव्ही किव्हिटी यांनी क्युमरानेट या कंपनीत असताना ते लिहिले होते. दीड वर्षात, सप्टेंबर २००८ मध्ये रेड हॅटने ती कंपनी १० कोटी ७० लाख डॉलरना विकत घेतली. केव्हीएमची युक्ती सोपी होती. वेगळा हायपरवायझर लिहित बसण्यापेक्षा लिनक्सच्या गाभ्यालाच, म्हणजे कर्नललाच ते काम शिकवायचे. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरमध्ये तोवर व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय आलेलीच होती. आज लिनक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवरही केव्हीएम फुकट मिळते. बायोसमध्ये जाऊन एक पर्याय चालू करावा लागतो, एवढेच. अनेक विद्यार्थ्यांची पहिली संध्याकाळ तो पर्याय शोधण्यातच जाते.

मग कंटेनर वेगळे कसे?

कंटेनरमध्ये स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम नसते. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सामान तेवढे खोक्यात असते. खाली कर्नल एकच आणि ते सगळ्यांचे सामायिक. कर्नल म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा, मेमरी वाटणारा, फाइल उघडून देणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला तो हाच गाभा.

ही झाली लालबाग-परळची चाळ. खोली प्रत्येकाची, दाराला कुलूप प्रत्येकाचे. पण जिना, पाण्याची टाकी, मोरीचा पाइप आणि गॅलरी सगळ्यांची. म्हणूनच त्याच जमिनीवर क्वार्टरच्या कित्येक पट बिऱ्हाडे मावतात आणि नवे बिऱ्हाड यायला इमारत बांधावी लागत नाही, खोली उघडली की झाले.

खोलीच्या भिंती लिनक्समध्ये दोन गोष्टींनी बनतात. पहिली ‘नेमस्पेस’. कुणाला काय दिसावे, हे ती ठरवते. इथे चाळीची उपमा जरा तोकडी पडते. चाळीत कुणाकडे कोणती भाजी शिजते ते सगळ्यांना ठाऊक असते. कंटेनरमधल्या प्रोग्रामला मात्र शेजारी आहेत याचाच पत्ता नसतो. त्याला आपल्यापुरत्या फाइल दिसतात, आपले नेटवर्क दिसते आणि आपणच या यंत्रावरचे पहिले आणि एकमेव रहिवासी आहोत, असे त्याला वाटत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला तो हजारांतला एक असतो.

दुसरी गोष्ट ‘सीग्रुप’. कुणी किती वापरावे, हे ती ठरवते. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ मध्ये या कामाला सुरुवात केली आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आले. मेमरीवर मर्यादा घालणारा त्यातला भाग लिहिणाऱ्यांत आयबीएमचे बलबीर सिंग अग्रणी होते. ज्या मेमरी-मर्यादेवर आज जगभरातले कंटेनर चालतात, तिच्यावर असे भारतीय नाव आहे. हे फारसे कुणी सांगत नाही.

मर्यादा नसेल तर काय होते, हे या भागाला वेगळ्या प्रकारे माहीत आहे. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात हार्बरची लोकल बंद पडली आणि सगळी गर्दी मोनोरेलकडे वळली. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांदरम्यान गाडी अडकली. पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने खाली उतरवले. गाडीची क्षमता १०४ टनांची, वजन झाले होते १०९ टन, असे एमएमआरडीएने सांगितले. पाच टन जास्त झाले आणि त्याचा फटका आधीपासून बसलेल्या प्रत्येकाला बसला. सीग्रुप म्हणजे प्रत्येक डब्याच्या दारात उभा असलेला मोजणीदार. एखाद्या कंटेनरने आपल्या वाट्याची मेमरी ओलांडली तर कर्नल सगळी गाडी थांबवत नाही, त्या कंटेनरमधलाच प्रोग्राम बंद पाडते. हे निष्ठुर आहे, पण बाकीचे पोहोचतात. गोम अशी, की मर्यादा आपोआप लागत नाही. ती चालवणाऱ्याने आठवणीने लावावी लागते आणि नवशिके हमखास विसरतात.

‘डॉकर’ हे नाव कुठून आले?

कंटेनरची सामग्री लिनक्समध्ये २००८ पासून असली तरी ती वापरणे किचकट होते. मार्च २०१३ मध्ये पायथन प्रोग्रामरांच्या अमेरिकेतील परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या एका छोट्या भाषणात ‘डॉकर’ दाखवले. खोके कसे भरायचे, कसे पाठवायचे आणि दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे कसे उघडायचे, हे त्याने काही आज्ञांवर आणून ठेवले. ‘घरी चालत होते, सर’ला अखेर उत्तर मिळाले : मग घरच घेऊन ये.

नाव गोदीतून उचललेले आहे. ‘डॉकर’ म्हणजे गोदी कामगार. लोखंडी कंटेनरची गोष्टही अशीच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ खोके नेवार्कहून ह्यूस्टनला नेले आणि जगाचा व्यापार बदलला. आत पोती आहेत की पंखे, याच्याशी क्रेनला देणेघेणे उरले नाही. खोक्याचे माप तेवढे ठरलेले हवे. त्याच खोक्यांनी पुढे जगभरच्या गोद्यांमधली हातांची गरज घटवली. मुंबई बंदराचा कंटेनर व्यवहार १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीकडे सरकत गेला. अँटॉप हिलच्या शेजारी, वडाळ्याच्या नाडकर्णी पार्कात पोर्ट ट्रस्टची वसाहत आणि रुग्णालय आहे. तिथल्या जुन्या लोकांना कंटेनरने काय केले, हे वेगळे सांगायला नको. ज्या खोक्याने गोदी कामगाराचे काम काढून घेतले, तोच खोका भरणाऱ्या सॉफ्टवेअरला गोदी कामगाराचे नाव मिळाले. नाव ठेवणाऱ्यांच्या हे मनात होते की नाही कोण जाणे.

लॅपटॉपवर फरक किती पडतो?

क्वार्टरमधल्या त्या मुलीकडे परत येऊ. आठ जीबी मेमरीपैकी ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर मिळून निम्मी मेमरी खातात. उरलेल्यात दोन-दोन जीबीची दोन व्हर्च्युअल मशीन कशीबशी बसतात. प्रत्येकासाठी काही जीबीची डिस्क वेगळी. सुरू व्हायला अर्धा-एक मिनिट आणि तोवर पंखा घरघरू लागतो. तिला वेबसाइट, डेटाबेस आणि त्यांच्यामधला निरोप्या असे तीन भाग वेगळे चालवायचे आहेत. कंटेनरमध्ये हे तिन्ही भाग एखाद-दोन सेकंदांत उभे राहतात आणि मेमरी लागते ती फक्त त्यांच्या प्रत्यक्ष कामापुरती. ‘अल्पाइन’ या छोटेखानी लिनक्सची कंटेनर-प्रतिमा पाच एमबीच्या आसपास असते. रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर येणारा शुभेच्छांचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो.

यात एक गंमत आहे आणि ती पुढे कामाची ठरते. तिच्या लॅपटॉपवर विंडोज असेल तर? लिनक्स कंटेनरला लिनक्सचेच कर्नल लागते. म्हणून विंडोजवर डॉकर बसवताना पडद्यामागे ‘डब्ल्यूएसएल २’ नावाची सोय एक छोटे लिनक्स व्हर्च्युअल मशीन सुरू करते आणि सगळे कंटेनर त्याच्या आत राहतात. मॅकवरही असेच मशीन लागते. म्हणजे क्वार्टरच्या आत चाळ. ‘मला व्हर्च्युअल मशीन नको, कंटेनर हवेत’ म्हणणारे बहुतेक विद्यार्थी नकळत दोन्ही वापरत असतात. लॅपटॉपवर थेट लिनक्स असेल तर मात्र मधला मजला गळतो आणि जुना लॅपटॉपही पुन्हा पळू लागतो.

भिंत फुटते तेव्हा काय होते?

एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीतील एका होस्टिंग कंपनीकडे एका ग्राहकाची किरकोळ तक्रार आली : वेबसाइटच्या नोंदींची एक फाइल उघडत नाही. फाइल दुरुस्त करून विषय मिटला. पुढच्या काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली. तिथले प्रोग्रामर मॅक्स केलरमन यांनी माग काढायला घेतला. बिघडलेल्या प्रत्येक फाइलच्या शेवटी तेच चुकीचे आठ बाइट होते. दोष आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये असणार असे त्यांना आधी वाटले. शेवटी तो सापडला लिनक्सच्या कर्नलमध्ये. ज्या फाइलवर लिहायची परवानगीच नाही, तिच्यावरही कुणी सामान्य वापरकर्ता लिहू शकेल, अशी ती फट होती. ७ मार्च २०२२ रोजी तिची माहिती ‘डर्टी पाइप’ या नावाने जाहीर झाली, तोवर दुरुस्ती तयार होती.

चाळीच्या भाषेत ही सामायिक पाइपातली गळती होती. एका खोलीतला भाडेकरू त्या पाइपातून चाळमालकाच्या कपाटापर्यंत पोहोचू शकतो, हे सुरक्षा-संशोधकांनी लवकरच करून दाखवले. खोलीचे कुलूप कितीही भक्कम असले तरी उपयोग नाही, कारण वाट दारातून जातच नव्हती. त्या काळात नवे असलेले काही महागडे अँड्रॉइड फोनही याच तडाख्यात सापडले, कारण अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचेच कर्नल आहे.

ही एकटी घटना नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या साधनातच दोष निघाला. कंटेनरमधला प्रोग्राम बाहेरच्या यंत्रावरच्या रनसीचीच फाइल बदलू शकत होता. म्हणजे पुढच्या वेळी दार उघडणारा रखवालदारच फितूर. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ‘लीकी व्हेसल्स’ नावाने आणखी फटी जाहीर झाल्या, त्यातली एक त्याच साधनात होती. प्रत्येक वेळी दुरुस्ती चटकन आली. प्रश्न दुरुस्तीचा नसतो, ती बसवतो कोण आणि कधी याचा असतो.

मग क्वार्टर अभेद्य आहे का? नाही. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाची फट उघड झाली. व्हर्च्युअल मशीनला खोटे हार्डवेअर पुरवणाऱ्या ‘क्यूईएमयू’ या प्रोग्रामच्या फ्लॉपी डिस्कच्या भागात ती होती. फ्लॉपी तोवर कुणी वर्षानुवर्षे पाहिलीही नव्हती. पण ते कोड २००४ पासून तसेच पडून होते आणि त्या वाटेने आतला माणूस बाहेर येऊ शकत होता. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ने तर थेट प्रोसेसरमधलेच दोष दाखवले. तरीही फरक राहतोच. व्हर्च्युअल मशीनमधून हायपरवायझरकडे जाणारी दारे मोजकी असतात. कंटेनरमधल्या प्रोग्रामला मात्र कर्नलच्या तीनशेहून अधिक खिडक्यांवर काही ना काही मागता येते. डॉकर त्यातल्या काही खिडक्या आधीच बंद ठेवतो, पण बऱ्याच उघड्या राहतात. जितक्या खिडक्या, तितक्या फटी.

आणि कधी कधी भिंत फोडावीच लागत नाही, कारण चोराला आपणच बिऱ्हाड दिलेले असते. डॉकरच्या सार्वजनिक भांडारातून कुणीही कुणाचाही तयार खोका फुकट उतरवून घेऊ शकतो. मे २०१८ मध्ये तिथून एकाच खात्यावरचे १७ खोके काढून टाकण्यात आले. त्यांत नाव एका उपयोगी सॉफ्टवेअरचे आणि पोटात ‘मोनेरो’ हे आभासी चलन खणणारा प्रोग्राम होता. तोवर ते ५० लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले होते आणि लोकांच्या यंत्रांवर, लोकांच्या विजेवर सुमारे ९० हजार डॉलरचे चलन कुणी तरी खणून नेले होते.

ऑनलाइन धड्यांमध्ये दिलेल्या आज्ञा डोळे झाकून चिकटवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या लिनक्सवर एखाद्याला ‘डॉकर’ गटात सामील करणे म्हणजे त्याला त्या यंत्राचा पूर्ण मालक करणे. एका आज्ञेत तो मूळ यंत्राची सगळी डिस्क आपल्या खोलीत ओढून घेऊ शकतो. हे डॉकरच्या स्वतःच्या कागदपत्रांतही लिहिलेले आहे. प्रयोगशाळेच्या सामायिक सर्व्हरवर साठ मुलांना सरसकट अशी परवानगी देणे म्हणजे साठ जणांना चाळीची किल्ली देणे. ‘पॉडमन’सारखी साधने मालकीहक्काशिवाय कंटेनर चालवू देतात. डॉकरमध्येही आता तशी पद्धत आहे.

परक्याचे कोड आले तर?

इथे निवड स्पष्ट होते. सगळे कोड आपलेच असेल तर सामायिक जिना चालतो. त्या मुलीचे तीन कंटेनर एकमेकांपासून लपवायचे असे काही नाही. पण यंत्रावर परक्याचे, अनोळखी माणसाने लिहिलेले कोड चालणार असेल तर मधली भिंत पायापासून वेगळी हवी. मोठ्या क्लाउड कंपन्या हे कटाक्षाने पाळतात. अॅमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत आपले केंद्र सुरू केले. अशा केंद्रात वेगवेगळ्या ग्राहकांचे काम एकाच यंत्रावर येऊ शकते. त्यासाठी अॅमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘फायरक्रॅकर’ हे साधन खुले केले. केव्हीएमवर आधारलेली ही इवलीशी व्हर्च्युअल मशीन सेकंदाच्या आठव्या भागात सुरू होतात आणि प्रत्येकी पाच एमबीपेक्षाही कमी जादा मेमरी घेतात. चाळीच्या खोलीएवढा क्वार्टर म्हणा. ‘काटा कंटेनर्स’ हा प्रकल्पही त्याच वाटेवरचा.

सामायिक व्यवस्थेत एका ठिकाणी बिघडले की काय होते, याचा अनुभव लहान बँकांच्या ग्राहकांनी घेतला आहे. ३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने जाहीर केले, की मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा आणि म्हणून तिला देयक-यंत्रणेपासून तात्पुरते अलग केले आहे. सुमारे ३०० लहान बँकांना याची झळ बसल्याच्या बातम्या आल्या. त्या ग्राहकांचे यूपीआय थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या घटनेत कंटेनर होते की व्हर्च्युअल मशीन, हा मुद्दा नाही. मुद्दा असा, की लहान बँकेला स्वतःचे डेटा सेंटर परवडत नाही, ती भाडेकरूच असणार. आतल्या भिंतींवर भरवसा उरला नाही की अख्ख्या इमारतीचा मुख्य नळ बंद करावा लागतो आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही तहानलेले राहतात. आपल्या पतपेढीच्या किंवा सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तासभर वाद होतो. सभासदांची माहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे बँका एकमेकींपासून कशा वेगळ्या ठेवल्या आहेत, हा प्रश्न तिथे विचारायला हरकत नाही.

फुकट मिळते म्हणून?

ओपन सोर्सकडे वळण्याचे कारण आता केवळ हौस उरलेले नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण करून व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. यापुढे वर्षाकाठी वर्गणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्तीही बंद झाली. ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली, पण तोवर जगभरच्या लहान कंपन्या आणि महाविद्यालये दुसरीकडे पाहू लागली होती. त्यांच्यातले लोकप्रिय नाव म्हणजे व्हिएन्नातील कंपनीचे ‘प्रॉक्समॉक्स’. डेबियनवर उभे असलेले हे सॉफ्टवेअर २००८ पासून आहे आणि एकाच पडद्यावर केव्हीएमची व्हर्च्युअल मशीन आणि लिनक्स कंटेनर दोन्ही चालवते.

भारत सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण आणले. धोरणे आहेत. परवान्याचे पैसे वाचतात, हेही खरे. पण वाचलेले पैसे सांभाळणाऱ्या माणसावर खर्च झाले नाहीत, तर डर्टी पाइपसारखी दुरुस्ती महिनोनमहिने कुणी बसवत नाही. फुकट सॉफ्टवेअरची सर्वात महाग गोष्ट ही आहे.

शिकायचे कुठे?

क्लासची पत्रके दादर स्थानकाबाहेर भरपूर मिळतात. त्याआधी पवईकडे पाहावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठीतही ऐकता येतात, तेही विनामूल्य. पुढचे खोल पाणी हवे असेल तर तिथल्याच प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची इंग्रजी व्याख्याने इंटरनेटवर खुली आहेत. क्रम मात्र उलटा धरू नये. आधी लिनक्स, मग एक व्हर्च्युअल मशीन हाताने उभे करणे, मग कंटेनर. हजारो कंटेनरांना हाकणारे ‘कुबरनेटिस’ सर्वात शेवटी. नोकरीच्या जाहिरातीत ते पहिले असते, म्हणून मुले तिथून सुरुवात करतात आणि दोन आठवड्यांत सोडून देतात.

लॅपटॉप नसेल तर? हा मजकूर ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला जात आहे, त्यात लिनक्सचे कर्नल आधीच आहे. प्रत्येक अॅपला वेगळा वापरकर्ता क्रमांक देऊन ते एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम ते रोज करते. मार्च २०२५ पासून गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘टर्मिनल’ नावाची सोय आली आहे. डेव्हलपरसाठीच्या पर्यायांत जाऊन ती चालू केली, की फोनच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन सुरू होते आणि त्यात पूर्ण डेबियन लिनक्स उतरते. ही सोय अजून मोजक्याच फोनवर आहे आणि बॅटरी भराभर उतरते. चार्जर जवळ ठेवावा.